स्टेपनी : अडलेल्या मोटारीचा इतिहास



वसंतातील या ज्ञानसत्रात इतिहास म्हटला की राज्ये, लढाया, संत आणि शाहीर यांचे स्मरण व्हावे, असा आपला जुना परिपाठ आहे. त्या मालिकेत रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभ्या राहिलेल्या मोटारीला जागा द्यावी, हे कोणाला औचित्यभंगाचे वाटेल. परंतु आपल्यापैकी बहुतेकांच्या आयुष्यात पानिपताचा प्रसंग येत नाही, पंक्चरचा मात्र हटकून येतो. आणि त्या प्रसंगी काय करावे हे ठाऊक नसल्यामुळे कधी कधी प्राणही जातात. तेव्हा अडलेल्या मोटारीचाही इतिहास आहे, आणि तो आपल्या उपयोगाचा आहे, एवढे आज मला दाखवायचे आहे.

मी एका शब्दापासून सुरुवात करतो. मोटारीच्या पाठीमागे किंवा पोटाखाली जे एक जादा चाक असते, त्याला आपण स्टेपनी म्हणतो. ड्रायव्हर म्हणतो, मिस्त्री म्हणतो, पंक्चरवाला म्हणतो आणि गाडीचे पहिले दर्शन कालच झालेले मूलही म्हणते. शब्द इंग्रजी आहे याविषयी कोणाला शंका नसते. परंतु आज लंडनमध्ये एखाद्याला ‘तुमची स्टेपनी कोठे आहे?’ असे विचारले, तर तो बहुधा त्या नावाच्या वस्तीची वाट दाखवील! इंग्रजांनी जो शब्द टाकून दिला तो आपण जपून ठेवला आहे. तो आला कोठून, आणि मुळात जादा चाकाची गरज माणसाला केव्हा भासली, हे पाहायचे तर मोटारीच्या अगदी बाल्यावस्थेत जावे लागेल.

१८८८ सालच्या ऑगस्ट महिन्यातली गोष्ट. जर्मनीतील मानहाइम शहरात कार्ल बेंझ याने पेट्रोलच्या इंजिनावर चालणारी तीनचाकी गाडी तयार केली होती. तिचे पेटंट त्याला १८८६ साली मिळाले होते. परंतु लोकांचा तिच्यावर विश्वास बसत नव्हता, आणि स्वतः बेंझही ती दूरवर नेण्यास कचरत होता. तेव्हा त्याची पत्नी बेर्टा हिने एके दिवशी पहाटे नवऱ्याला न सांगता गाडी बाहेर काढली, युजेन व रिचर्ड या दोन मुलांना बरोबर घेतले, आणि सुमारे १०५ किलोमीटरवरील फोर्टझाइम या आपल्या माहेरगावी ती निघाली. माहेरी जाणाऱ्या बाईला अडवण्याची छाती कोठल्याच देशात कोणाला होत नाही. मग नवरा तर झोपेतच होता.

या प्रवासाच्या ज्या आठवणी त्या कुटुंबाने सांगितल्या, त्या ऐकण्यासारख्या आहेत. वाटेत इंधन संपत आले. पेट्रोल पंप ही वस्तू तेव्हा जगात नव्हती. वीसलोख गावातील औषधाच्या दुकानात लिग्रोइन नावाचे द्रव्य कपड्यांवरील डाग काढण्यासाठी विकत मिळे. ते तिने घेतले आणि टाकीत ओतले. इंधनाच्या नळीत कचरा अडकला, तो तिने टोपीच्या पिनेने काढला. विजेच्या तारेचे आवरण झिजले, तेव्हा तिने मोज्याचा बंद तारेभोवती गुंडाळला. साखळी सैल झाली, ती लोहाराकडून नीट करून घेतली. ब्रेकचे लाकडी ठोकळे उतारावर झिजून गेले, तेव्हा चांभाराकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. इंजिन थंड ठेवणारे पाणी सारखे वाफ होऊन उडून जाई, म्हणून दिसेल त्या विहिरीवर आणि ओढ्यावर थांबून ते भरावे लागे. चढावर मुले खाली उतरून धक्का मारीत. संध्याकाळी मुक्कामी पोचल्यावर तिने नवऱ्याला खुशालीची तार केली. पुढे बेंझने चढासाठी गाडीत आणखी एक गिअर बसवला, त्याचे मूळ याच प्रवासात आहे.

येथे दोन गोष्टी ध्यानात घेतल्या पाहिजेत. इंधन, पाणी, वीज, ब्रेक आणि चढ ही मोटारीच्या अडचणींची जी पंचायत आहे, तिचे पाचही सभासद त्या पहिल्याच लांबच्या प्रवासात हजर होते. पुढील शंभर वर्षांत मोटारीत जे शोध लागले त्यांतील पुष्कळसे या पाचांची समजूत घालण्यासाठीच लागले. दुसरी गोष्ट अशी की, बेर्टाबाईंच्या अंगी धैर्य आणि हातात कसब असले, तरी औषधविक्या, लोहार आणि चांभार यांच्यावाचून त्या पोचल्या नसत्या. मोटार म्हणजे काय हे त्या तिघांना ठाऊकही नव्हते. वाटेवर कोणी अडले आहे, एवढेच त्यांना कळले आणि तेवढे पुरले.

या यादीत पंक्चर मात्र नव्हते, कारण त्या गाडीला हवेचे टायरच नव्हते. हवेच्या टायरचे पेटंट रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश माणसाने १८४५ सालीच घेतले होते. परंतु तेव्हा सायकलही नीट जन्मली नव्हती, त्यामुळे तो शोध विस्मृतीत गेला. १८८८ साली, म्हणजे बेर्टाबाईंच्या प्रवासाच्याच वर्षी, बेलफास्ट येथे गुरांचे डॉक्टर असलेल्या जॉन बॉइड डनलॉप यांनी तो पुन्हा लावला. सायकलींवर तो लवकरच रुळला. मोटारीचे वजन तो पेलील की नाही याची शंका होती. ती फेडण्यासाठी १८९५ सालच्या पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत आंद्रे आणि एद्वार मिशलँ हे दोघे बंधू स्वतः हवेच्या टायरची गाडी घेऊन उतरले. वाटेत ठिकठिकाणी त्यांची चाके बसली आणि ते पुष्कळ मागे पडले. परंतु ते शर्यत पुरी करून परत आले, आणि हवेवर मोटार चालते हे सिद्ध झाले.

हवेने प्रवास मऊ केला, पण तिने एक नवे संकटही आणले. त्या काळचे रस्ते घोड्यांचे होते आणि घोड्याच्या नालांचे खिळे त्यांवर विखुरलेले असत. चाक बसले की सारी यातायात रस्त्यावरच. चाक गाडीवरून सुटत नसे. तेव्हा गाडी उचलायची, लोखंडी पट्ट्यांनी टायर रिमवरून उचकटायचा, ट्यूब ओढून काढायची, भोक शोधायचे, ठिगळ लावायचे, सारे पुन्हा बसवायचे आणि हातपंपाने घाम निघेपर्यंत हवा भरायची. हे सगळे पावसात, चिखलात किंवा अंधारातही. एका प्रवासात असे तीन-चार वेळा घडले, तरी त्यात नवल वाटत नसे.

वेल्स प्रांतात लानेली नावाचे एक गाव आहे. तेथील स्टेपनी रस्त्यावर टॉमस मॉरिस डेव्हिस आणि वॉल्टर डेव्हिस या बंधूंचा लोखंडी सामानाचा व्यवसाय होता. त्यांनी १९०४ साली एक साधी युक्ति काढली. आरे नसलेली एक लोखंडी कडी, तिच्यावर आधीच हवा भरून ठेवलेला टायर, आणि ती कडी बसलेल्या चाकाच्या अंगाला घट्ट धरून ठेवणारे चिमटे, एवढाच तो खटाटोप. चाक काढायचे नाही की ट्यूबेला हात लावायचा नाही. पंगू चाकाला शेजारी एक धडधाकट सोबती बांधून द्यायचा आणि गाडी हाकायची. या जोडचाकाला त्यांनी रस्त्याचेच नाव दिले. लंडनच्या टॅक्स्यांपासून परदेशांपर्यंत त्याचा प्रसार झाला आणि तो आपल्या देशातही आला.

या युक्तीचे राज्य मात्र फार दिवस टिकले नाही. १९०६ साली फ्रान्समधील ल मान्स येथे पहिली ग्रां प्री शर्यत झाली. गाडीची दुरुस्ती शर्यतीतला चालक आणि त्याचा सोबती मिस्त्री यांनीच करायची, असा नियम होता. रेनो गाडी हाकणाऱ्या फेरेंट्स सिस याच्या मागच्या चाकांना मिशलँची नवी सुटी रिम होती. नट सोडले की टायरसकट रिम उतरे आणि दुसरी चढे. इतरांना ज्या कामास पाव तासाच्या आसपास लागे, ते याचे काही मिनिटांत होई. तो पहिला आला. लवकरच संपूर्ण चाकच काढता-घालता येऊ लागले आणि डेव्हिस बंधूंच्या कडीची गरज संपली. वस्तू गेली, पण तिचे नाव आपल्याकडे तिच्या जागी आलेल्या जादा चाकाला जाऊन चिकटले. माल्टा बेटावर तेच झाले आणि ब्राझीलमधील ‘एस्तेपे’ हा शब्दही याच कुळातला सांगतात. वेल्समधल्या एका गल्लीचे नाव सोलापूरच्या पंक्चरवाल्याच्या तोंडी कसे, याचा उलगडा हा असा आहे.

जी गोष्ट चाकाची, तीच इंजिनाची. जुन्या गाडीला पुढून हँडल मारावे लागे. इंजिनाने उलटा झटका दिला तर हँडल फिरून मनगटावर बसे. अंगठ्याच्या बाजूला मनगटाचे हाड ज्या विशिष्ट रीतीने मोडते, त्या अस्थिभंगाला वैद्यकशास्त्रात आजही शोफरचाच अस्थिभंग म्हणतात. म्हणून जाणते लोक शिकवीत की, हँडलाला अंगठ्याचा विळखा घालू नये, अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावा आणि हँडल वर ओढावे. १९१२ सालच्या कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर आला आणि ही सारी विद्या हळूहळू अनावश्यक झाली. त्याआधी तीन वर्षे, १९०९ साली, डोरोथी लेव्हिट या इंग्रज बाईंनी स्त्रियांसाठी मोटारीवर एक पुस्तक लिहिले होते. इंजिनाची निगा कशी ठेवावी हे तर त्यांनी सांगितलेच. शिवाय जवळ एक हातआरसा बाळगावा आणि तो मधून मधून उंच धरून मागची वाहतूक पाहावी, असेही सुचवले. मागचे पाहण्याचा आरसा पुढे गाडीतच बसवला जाऊ लागला.

अडलेल्यांना मदत करणाऱ्या संस्थाही याच सुमारास निघाल्या. इंग्लंडमधील ऑटोमोबाइल असोसिएशन १९०५ साली स्थापन झाली. तिचा मूळ उद्देश ऐकून आपणास हसू येईल. वेगमर्यादा मोडणाऱ्यांना पकडण्यासाठी पोलीस कोठे दबा धरून बसले आहेत, याची आगाऊ वर्दी सभासदांना द्यावी, यासाठी तिने सायकलस्वार नेमले होते! तेच स्वार पुढे बंद गाड्यांना हात देऊ लागले, आणि उत्तरकाळी तेच तिचे मुख्य कार्य ठरले. अमेरिकेतील चॅटनूगा येथे अर्नेस्ट होम्स या गॅरेजवाल्याने ओढ्यात पडलेली एका स्नेह्याची मोटार काढताना पुष्कळ हाल सोसले. त्या अनुभवातून त्याने १९१६ च्या सुमारास जुन्या मोटारीवर कप्पी-साखळीची यारी उभारली. आज आपण जिला टोइंगची गाडी म्हणतो तिचा हा पूर्वज होय.

आता आपल्या घरी येऊ. मुंबईहून देशावर चढणारा बोरघाटाचा गाडीरस्ता सर जॉन माल्कम यांच्या गव्हर्नरीत, १८३० साली खुला झाला. तो बैलगाडी व टांगा यांच्यासाठी होता. त्या चढावर पुढे मोटारीने आपली कसोटी दिली. माझ्या लहानपणी मे महिन्यात खंडाळ्याजवळ आलो की रस्त्याच्या कडेने बॉनेटे उघडी टाकून वाफ सोडीत उभ्या राहिलेल्या गाड्यांची रांगच दिसे. पाण्याचा डबा घेऊन जो तो झऱ्याकडे धावे. याचे कारण साधे आहे. चढावर इंजिनाला श्रम अधिक, म्हणून उष्णता अधिक. आणि वेग कमी, म्हणून रेडिएटरवर आदळणारा वारा कमी. त्यातून पंख्याचा पट्टा सैल असेल, तर पाणी उकळणारच. इंजिनाजवळच्या उष्णतेने पंपात पेट्रोलचीच वाफ झाली, तर इंजिनाला इंधन पोचत नसे. मग ड्रायव्हर पंपावर ओले फडके टाकून बिडी ओढीत बसे. गाडी निवण्यास तेवढा वेळ पुरत असे.

ही पिढी आता गेली. तिच्या खोक्यात जादा फॅनबेल्ट, प्लगपाना, पॉलिश पेपरचा तुकडा आणि तारेचे भेंडोळे असे. कार्ब्युरेटरमधील कचरा फुंकून काढणे, पॉइंट घासणे, बॅटरी उतरली तर दुसऱ्या गिअरमध्ये धक्क्याने गाडी चालू करणे, या गोष्टी प्रत्येक ड्रायव्हरला येत. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली फिआट आणि तिच्या बरोबरीची अँबॅसडर ज्यांनी वापरली, त्यांनी मोटार जितकी चालवली तितकीच ती शिकलीही. १९८३ साली मारुती आली. २००० नंतर धुराविषयीचे नियम कडक होत गेले, तशी कार्ब्युरेटरची जागा संगणकाने सांभाळलेल्या इंधन-फवाऱ्याने घेतली. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीनेही रस्त्याचा निरोप घेतला. आजची गाडी फार क्वचित अडते. पण अडली तर बॉनेटखाली पाहून मालकाला काही बोध होत नाही.

या इतिहासाचे सूत्र मला असे दिसते. प्रत्येक अडचणीतून एक साधन निघाले आणि प्रत्येक साधनाने चालकाच्या हातातले थोडे ज्ञान काढून घेतले. स्टार्टरने हँडलची विद्या नेली, सुट्या चाकाने ठिगळाची नेली, संगणकाने पॉइंटची नेली. आता तर स्टेपनीवरच पाळी आली आहे. हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा, ट्यूबविरहित टायर आणि पंक्चर बुजवण्याचे साहित्य असेल, तर मोटारीत जादा चाक नसले तरी चालेल, अशी सवलत केंद्र सरकारने २०२० साली दिली. यात शोक करण्यासारखे काही नाही. मनगटे मोडण्यात आणि चिखलात लोळण्यात कसला पुरुषार्थ होता?

परंतु एक भ्रम यातून उत्पन्न झाला आहे. यंत्राने पुष्कळ काही स्वतःकडे घेतले, म्हणून सर्वच घेतले, असे आपण समजू लागलो आहोत. वस्तुतः काही थोड्या गोष्टी पूर्वी चालकाच्या हाती होत्या आणि आजही त्याच्याच हाती आहेत.

पहिली म्हणजे हवा. हवा कमी असलेला टायर प्रत्येक फेऱ्यात अधिक दबतो व उलगडतो. त्या घुसळणीने तो आतून तापतो, आणि उन्हाळ्यात काँक्रीटच्या रस्त्यावर भर वेगात फुटतो. टायर तापल्याने दाब वाढतो, म्हणून तो सकाळी, गाडी थंड असताना तपासावा. किती हवा हवी हे बहुतेक गाड्यांत चालकाच्या दाराच्या चौकटीवरच छापलेले असते. स्टेपनी असेल तर तिच्यातही हवा पाहावी; ऐन वेळी बसलेले चाक काढून बसलेलेच चाक चढवण्याची पाळी अनेकांवर येते. चाक बदलताना नट आधी सैल करावेत आणि मग जॅक लावावा. घट्ट करताना ते समोरासमोरचे आळीपाळीने आवळावेत.

दुसरी गोष्ट पाणी आणि तेल. रेडिएटरचे झाकण गरम असताना कधीही उघडू नये. आतील पाणी दाबाखाली असते, म्हणून शंभर अंशांच्या वर जाऊनही ते उकळत नाही. झाकण सैल होताच दाब जातो आणि त्या पाण्याची एकदम वाफ होऊन ती तोंडावर येते. तेलाचा लाल दिवा लागला, तर पुढच्या गावापर्यंत जाऊ असे म्हणू नये. तेलावाचून इंजिन काही मिनिटांत जाम होते. तिसरी गोष्ट ब्रेक. घाट उतरताना सतत ब्रेक दाबून ठेवला तर तो तापतो आणि धरीनासा होतो. ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरावे, ही जुन्या ड्रायव्हरांची शिकवण अजून खोटी ठरलेली नाही. विजेच्या गाडीला इंजिनाचे तेल नसेल, पण तिलाही टायर आहेत, ब्रेक आहेत आणि उतारही आहेत.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि ती मात्र नवी आहे. जुन्या घाटात गाडी बंद पडली तर ती बंद पडलेली असणे एवढेच संकट होते. २००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि संकटाचे रूप पालटले. ताशी १०० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात सुमारे २८ मीटर जाते. गाडीमागे ५० मीटरवर त्रिकोण ठेवला, तर मागून येणाऱ्याला दोन सेकंदही मिळत नाहीत. तेव्हा अशा मार्गावर गाडी शक्य तितकी डावीकडे घ्यावी, चारही इशाऱ्याचे दिवे लावावेत, सर्वांनी डाव्या दाराने उतरून कठड्यापलीकडे जावे, आणि सुरक्षितपणे जाता येत असेल तरच त्रिकोण शंभर मीटर किंवा त्याहून लांब ठेवून यावे. वाहत्या रस्त्याकडे पाठ करून उजवीकडचे चाक बदलत बसू नये. बेर्टाबाईंचे शौर्य दुरुस्ती करण्यात होते. द्रुतगती मार्गावर शहाणपण दूर उभे राहून मदत मागण्यात आहे. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ आणि कोठेही ११२ हे क्रमांक त्यासाठीच आहेत.

आणि मदत मागणारा आला की मदत करणाराही आलाच. जखमीला उचलले तर पोलीस आपल्यालाच धरतील, या भीतीने आपल्याकडे माणसे गाडीची काच वर करून निघून जात. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली अशा मदतकर्त्यांच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक सूचनांना बळ दिले, आणि २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन सद्भावनेने मदत करणाऱ्याला कायद्याचेच अभय मिळाले. आता ती सबब उरली नाही.

स्टेपनी हे मूळचे जादा चाक नव्हते, हे मी मघाशी सांगितले. पंगू चाकाला बाजूने बांधलेला तो सोबती होता. मोटारीच्या पोटाखालून ती उद्या नाहीशी होईल. परंतु वीसलोखचा तो औषधविक्या, तो लोहार आणि तो चांभार यांनी जे केले, त्यावर अजून कोणी शोध लावलेला नाही. सकाळी आपल्या गाडीची हवा पाहणे आणि वाटेत दुसऱ्याची गाडी अडलेली दिसली तर निदान एक दूरध्वनी करणे, एवढे दोन नेम आपण येथून घेऊन गेलो, तर या इतिहासाचे चीज झाले असे मी समजेन.